कागदाचं कोरल, शंख, जेलीफिश चपटं का दिसतं आणि त्याला गोलाई कशी आणायची

प्रश्न थोडक्यात असा आहे की कटिंग स्वच्छ येतंय, डिझाइनही छान निवडलंय, पण तयार झालेलं कोरल किंवा जेलीफिश स्टिकरसारखं चपटं दिसतं, गोल करायला गेलं की कागदाला वेड्यावाकड्या चुण्या पडतात, आणि मग त्याच्यामागून कागद कोणता घ्यावा, कटिंग मशीन घ्यावं का, काम टिकेल का हे पण प्रश्न आहेतच. मी बरीच वर्षं समुद्रातल्या आकारांवरच काम करतेय आणि शिकवते पण, आणि नवीन माणूस साधारण इथेच अडकतो. उत्तर लांब होणार आहे कारण नुसता महागाचा कागद आणून हे सुटत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कागद वाकतो, पण ताणला जात नाही. गाऊस या गणितज्ञाने १८२७ मध्ये हे गणितात मांडून ठेवलंय की पृष्ठभाग न ताणता न फाडता नुसता वाकवला तर त्याची जी आतली वक्रता असते ती बदलत नाही, आणि सपाट कागदाची ही वक्रता शून्य. म्हणजे अख्ख्या कागदातून नळी होईल, शंकू होईल, पिळलेली पट्टी होईल, पण चेंडू होणार नाही आणि झालरही होणार नाही. आता समुद्रात बघा, तिथे जवळपास सगळं एकतर छत्रीसारखं फुगलेलं असतं नाहीतर झालरीसारखं लहरणारं असतं, कारण ते वाढीतून झालेलं असतं. मधल्या भागापेक्षा कडा कमी वाढली की आकार घुमटासारखा होतो, कडा जास्त वाढली की तिला मावायला जागा उरत नाही आणि ती वरखाली लहरायला लागते. कागद वाढत नाही, त्यामुळे ते काम आपल्याला करायचं असतं, कडेचा कागद काढून टाकायचा किंवा कडेला कागद जास्तीचा द्यायचा. कुठलाही प्राणी समोर आला की मी पहिला प्रश्न हाच विचारते, याची कडा कमी आहे की जास्त? चुण्या पडतात त्या याच्यामुळेच, जादाचा कागद तुम्ही काढला नाही म्हणून तो स्वतःच स्वतःसाठी जागा करून घेतो.

वाचून पटलं तरी एकदा हाताने करून बघाच. सगळ्या बाजू सारख्या असलेले त्रिकोण कापा, ५ सेमी बाजूचे चालतील, आणि एका बिंदूभोवती चिकटपट्टीने जोडत जा. ६ जोडले तर सपाट षटकोन होतो. ५ जोडले तर आपोआप टोपी उभी राहते, तुम्ही काही केलेलं नसतं. आणि ७ जोडून बघा, ते टेबलावर सपाट बसतच नाही, एकीकडे दाबलं की दुसरीकडे उठतं. ही टोपी म्हणजे जेलीफिश, सी अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा प्राणी), लिंपेट (टोपीसारखा शंख), आणि हे ७ वालं म्हणजे लेट्यूस कोरल, समुद्री गोगलगायीची कडा, केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाची पानं. दहा मिनिटांचा उद्योग आहे पण त्यानंतर फोटोतला प्राणी बघायची नजरच बदलते.

आता जेलीफिशच घेऊ, कारण सगळ्यात जास्त अडचण तिथेच येते. समजा ५ सेमी त्रिज्येचा अर्धा गोळा करायचाय. माथ्यापासून कडेपर्यंतचं अंतर वक्र रेषेवरून मोजलं तर ७.८५ सेमी येतं, म्हणून लोक ७.८५ सेमी त्रिज्येचं गोल कापतात आणि वाकवायला बघतात. पण त्या गोलाचा परीघ आहे ४९.३ सेमी आणि अर्ध्या गोळ्याच्या कडेला हवा फक्त ३१.४ सेमी. जवळजवळ १८ सेमी कागद कडेला जादा आहे, एक तृतीयांशाहून जास्त, तो जाणार कुठे? शिवणकामात टक्स घालून सपाट कापडाला गोलाई देतात ना, तेच इथे करायचं. १२ पाकळ्यांचा नमुना करा, प्रत्येक पाकळी ७.८५ सेमी लांब, तळाशी रुंदी २.६२ सेमी, एक तृतीयांश उंचीवर २.२७, मध्यावर १.८५, दोन तृतीयांशावर १.३१, आणि टोकाला शून्य. हे बिंदू हाताने मऊ वक्र रेषेत जोडायचे, सरळ पट्टीने जोडलेत की घुमटाऐवजी तंबू दिसतो. सगळ्या पाकळ्या माथ्याजवळ एकमेकींना जोडलेल्या ठेवा आणि कडेला २ मिमीची चिकटवायची पट्टी एकाच बाजूला सोडा. चिकटवताना शेजारच्या शेजारी ओळीने जाऊ नका, समोरासमोरच्या जोड्या घ्या, नाहीतर शेवटच्या पाकळीपर्यंत सगळी ओढ एका बाजूला जमा होऊन छत्री तिरकी होते.

पण खरी जेलीफिश म्हणजे काही मोजून अर्धा गोळा नसतो. मून जेली बशीसारखी उथळ असते, तिला इतका कागद काढावा लागत नाही, पाकळ्यांमधली फट कडेपासून अर्ध्यापर्यंतच आणली तरी काम होतं आणि मधला भाग अखंड राहतो, जो ट्रेसिंग पेपरमध्ये फार सुंदर दिसतो. तिच्या मध्यभागी घोड्याच्या नालेसारखे जे ४ आकार दिसतात ते ५ किंवा ६ करू नका, बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण काहीतरी खोटं वाटतं. कडेला ८ बारीक खाचा असतात, तिथे तिची संवेदना घेणारी इंद्रियं असतात, त्या दाखवल्या की कडेला एक लय येते आणि जोडाच्या रेषा पण त्यात लपतात.

हे आकड्यांचं प्रकरण मी विद्यार्थ्यांकडून चक्क पाठ करून घेते. दगडी कोरलच्या छोट्या वाट्यांमधल्या पडद्या सहाच्या पटीत असतात. सी फॅन (पंख्यासारखं पसरलेलं कोरल) आणि मऊ कोरलच्या पॉलिपला, म्हणजे कोरलमधल्या एकेका छोट्या प्राण्याला, ८ हात असतात आणि त्या प्रत्येक हाताला पिसासारख्या बारीक फांद्या असतात. तारामासा, सी अर्चिन, सँड डॉलर हे पाचाच्या घरातले, तारामाशांमध्ये जास्त हातांच्या जाती आहेत पण नेहमीचा तो पाचाचा. पाचाची घडी लोकांना अवघड वाटते, खरं तर सोपी आहे, कागद मधोमध दुमडा, दुमडलेल्या कडेच्या मध्यबिंदूपासून कोनमापकाने १८० अंशाचे ३६-३६ चे पाच भाग करा आणि त्या रेषांवर पंख्यासारखी पुढेमागे घडी घाला, १० थर होतात, एकदा कापलं की पाच हात बाहेर येतात. सी अर्चिनचं कवच करताना १० पाकळ्या घ्या, ५ रुंद आणि ५ अरुंद, एकाआड एक. अरुंद पट्ट्यांमध्ये सुईने जोडीजोडीने भोकं पाडा, कारण खऱ्या कवचात नळीसारखे पाय तिथूनच बाहेर येतात, आणि रुंद पट्ट्यांवर मागच्या बाजूने बॉल टूलने, म्हणजे गोल टोकाच्या दाबणीने, दाबून टेंगळं उठवा. हे सगळं चिकटवायच्या आधी, कागद सपाट असतानाच करायचं, नंतर आत हात जात नाही.

आता दुसरी बाजू, म्हणजे जास्तीची कडा. मला स्वतःला यातच जास्त रमायला होतं, कारण कडा एकदा जास्त दिली की पुढचं कागद स्वतः ठरवतो आणि दोन तुकडे कधी सारखे होत नाहीत. सगळ्यात सोपी रीत अशी, २ सेमी आतली आणि ४ सेमी बाहेरची त्रिज्या असलेली चकती कापा, म्हणजे बांगडीसारखी रिंग, ती एका जागी छेद द्या आणि आतली कड सरळ रेषेत आणायला लागा. आतली कड १२.६ सेमी, बाहेरची २५.१, बरोबर दुप्पट, त्यामुळे बाहेरची कड लहरायलाच लागते, तिला दुसरा मार्गच नाही. अशा चार-पाच रिंगा एकापुढे एक जोडल्या की केल्पचं अख्खं पान किंवा जेलीफिशच्या तोंडाखाली लोंबणारे ते झालरीचे हात तयार. आतली त्रिज्या कमी घेतली की लहरी दाट आणि जास्त, त्रिज्या वाढवली की सैल आणि शांत. पूर्ण गोलातून गोगलगायीसारखी वळत जाणारी पट्टी कापली तर एकाच तुकड्यात हा बदल मिळतो, एका टोकाला दाट झालर आणि दुसऱ्या टोकाला जवळपास सरळ पट्टी, आणि ते फार नैसर्गिक दिसतं.

लोकरीच्या क्रोशा कोरलची चित्रं तुम्ही पाहिली असतील, त्याचं मूळ कागदात आहे हे फार कमी जणांना माहीत असतं. विल्यम थर्स्टन हे गणितज्ञ अशाच कागदी रिंगा जोडून हायपरबोलिक, म्हणजे सगळीकडे झालरीसारखी जास्तीची कडा असलेल्या, पृष्ठभागाचं मॉडेल करायचे, ती मॉडेल्स हाताळताना फाटायची म्हणून कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये तेच क्रोशाने विणलं, आणि पुढे २००५ पासून मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी त्यावरून अख्खं कोरल रीफ विणायचा प्रकल्प उभा केला. विणकामात टाके वाढवत जाणं सोपं आहे हे खरं, पण कागदाला जी धारदार कड असते आणि तिच्यावर जी सावली पडते ती लोकरीत मिळत नाही, म्हणून मी कागदावरच राहिले.

तिसरी वाट म्हणजे वक्र घड्या. यात कागद काढायचाही नाही आणि घालायचाही नाही, घडीच वाकडी घालायची. १२० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं वजन १२० ग्रॅम) कागदावर १० सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, आत १-१ सेमी अंतराने वर्तुळं काढा, मधलं ३ सेमीचं कापून टाका, आणि मग एक वर्तुळ वरून आणि पुढचं मागून असं बोन फोल्डरने (घडी दाबायची बोथट पट्टी) किंवा शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ ओढा. मग हळूहळू फिरवत फिरवत एक घडी डोंगर आणि पुढची दरी अशी चिमटीत घेत जा, एका दमात एक वर्तुळ पूर्ण करायचा हट्ट नको, सगळ्या घड्या थोड्याथोड्या वाढवत न्यायच्या. शेवटी कागद आपोआप घोड्याच्या खोगीरासारखा वळतो. १९२० च्या दशकात बाउहाउस या जर्मनीतल्या कलाशाळेत जोसेफ आल्बर्स विद्यार्थ्यांकडून असा अभ्यास करून घ्यायचे, नंतर डेव्हिड हफमन यांनी वक्र घड्यांवर खूप खोल काम केलं, आणि एरिक व मार्टिन डिमेन या मुलगा-वडिलांची वक्र घड्यांची शिल्पं न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्टच्या संग्रहालयात आहेत. स्टिंगरेचे पंख, प्लेट कोरलचे थर, लाटेचं वळण, हे मी याच रीतीने करते. एकच वक्र रेघ ओढलेली पट्टी सुद्धा माशाच्या पाठीसारखी भरीव दिसते, करून बघा.

शंखांकडे वळू. नॉटिलस, म्हणजे आत कप्पे असलेला तो वेटोळा शंख, त्याच्याबद्दल एक गैरसमज इतका पसरलाय की मी आधी तोच काढते. तो गोल्डन रेशोचा स्पायरल नसतो. गोल्डन स्पायरल दर पाव फेऱ्याला १.६१८ पट होतो, म्हणजे पूर्ण फेऱ्यात ६.८५ पट, आणि नॉटिलस एका फेऱ्यात साधारण ३ पटच वाढतो. तयार गोल्डन स्पायरल छापून त्यावर नॉटिलस कापला की तो सुजल्यासारखा दिसतो, ते याच्यामुळे. स्वतः काढणं अगदी सोपं आहे. एका बिंदूतून ३० अंशावर १२ रेषा काढा, पहिल्या रेषेवर १ सेमी मोजा आणि पुढच्या प्रत्येक रेषेवर आधीच्या मापाला १.१ ने गुणत जा: १, १.१, १.२१, १.३३, १.४६, १.६१, १.७७, १.९५, २.१४, २.३६, २.५९, २.८५, आणि फेरा पूर्ण झाल्यावर ३.१४. झालं, नॉटिलस मिळाला. असे दोन फेरे पुढे गेलात तरी शेवटचं माप ९.८५ सेमी, छोट्या फ्रेममध्ये बसेल एवढं. १.१ ऐवजी १.०५ घ्या, जास्त वेटोळ्यांचा अॅमोनाइटसारखा शंख येईल, १.२ घ्या, पसरट उघड्या तोंडाचा येईल. एक आकडा बदलून अख्खं कुटुंब फिरवता येतं, मला यातली ही गोष्ट फार आवडते. आतल्या कप्प्यांच्या भिंती कडेवर उभ्या केलेल्या पट्ट्यांनी करा आणि त्यांचा खोलगट भाग तोंडाकडे ठेवा, उलट्या लावल्या तर शंख मागे वाढतोय असं वाटतं.

उंच निमुळत्या शंखासाठी एक लांबलचक काटकोन त्रिकोण कापायचा, साधारण ६० सेमी लांब आणि रुंद टोकाला ५ सेमी, रुंद टोकापासून गुंडाळायला सुरू करायचं आणि सरळ बाजू प्रत्येक फेऱ्याला खाली एका पातळीत ठेवायची. तिरकी कड बाहेरून वेटोळ्यासारखी खाली उतरत येते आणि बुडाशी जाड, शेंड्याला बारीक असा शंख होतो. इथे दिशा सांभाळा. बहुतेक शंख उजवे असतात, शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे धरलं तर तोंड उजव्या हाताला येतं. आपण पेपर कटिंग करताना डिझाइन मागच्या बाजूला काढतो आणि तिकडूनच कापतो, मग पालटल्यावर सगळे शंख डावे होतात! चित्र काढतानाच आरशातलं काढा किंवा मशीनवर मिरर करून घ्या.

शिंपल्याला, म्हणजे स्कॅलपला, काही वेगळं लागत नाही, एका बिंदूतून निघणाऱ्या डोंगर-दरी घड्या पुरतात, फक्त वाढीच्या आडव्या रेषा बॉल टूलने दाबून घ्या आणि त्यांचं अंतर कडेकडे थोडं कमीजास्त ठेवा.

संदर्भाबद्दल थोडं बोलते. समुद्री आकार म्हटलं की बहुतेक जण जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांच्या १८९९ ते १९०४ दरम्यान निघालेल्या १०० चित्रप्लेट्स समोर ठेवतात, आणि त्या आहेतच तशा. त्यांच्या रेडिओलेरियाच्या, म्हणजे जाळीदार सांगाड्याच्या समुद्री सूक्ष्मजीवांच्या, चित्रांवरून रेने बिने या वास्तुरचनाकाराने १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाचं अख्खं प्रवेशद्वार रचलं होतं. पण हेकेल यांची चित्रं खूप नेटकी आहेत, सगळं मधोमध, सगळं समान, आणि त्यांच्यावरून केलेली कागदाची कामं एकमेकांसारखीच दिसायला लागलीत. रचना कशी आहे हे समजायला त्या प्लेट्स बघा, पण ठेवण शिकायची तर जिवंत प्राण्यांचे व्हिडिओ बघा, आकुंचन पावताना जेलीफिशची कडा एकसारखी आत जात नाही, एखादा हात नेहमी मागे राहतो. मला यापेक्षा जवळची वाटते ती अॅना अॅटकिन्स, तिने १८४३ पासून समुद्री शेवाळं थेट कागदावर ठेवून सायनोटाइप, म्हणजे उन्हात उमटणारे निळे छाप घेतले, त्या निळ्यावर पांढऱ्या छापांत प्रत्येक फांदी जिथे पडली तिथेच आहे, कुणी ती सरळ केलेली नाही. फांद्या कशा विभागतात आणि कुठे एकमेकींवर पडतात हे शिकायला तिच्या पानांइतकं चांगलं साधन मला सापडलेलं नाही.

रेडिओलेरियाची गोल जाळी करायची असेल तर नुसत्या षटकोनांनी गोळा बंद होत नाही हे लक्षात ठेवा. षटकोन आणि पंचकोन एवढेच वापरायचे आणि प्रत्येक सांध्याला तीन कडा भेटवायच्या असं ठरवलं तर पंचकोन बरोबर १२ लागतात, एक कमी नाही की जास्त नाही, मग षटकोन कितीही असोत. सुरुवात १२ पंचकोन आणि २० षटकोनांनी करा. वर त्रिकोण जोडून बघितलेत ना, सहातला एक काढला की टोपी उभी राहते, हे १२ पंचकोन म्हणजे गोळ्यावर पसरलेल्या अशा १२ टोप्याच.

कोरलच्या रचनेत अजून एक गोष्ट काम जिवंत करते, ती म्हणजे पाणी. सी फॅन प्रवाहाला आडवा उभा राहतो, कारण त्याला वाहत्या पाण्यातून अन्न गाळायचं असतं, म्हणून एका फ्रेममधले सगळे फॅन साधारण एकाच दिशेला तोंड करून लावा. लाटांच्या माऱ्यातलं कोरल बुटकं आणि जाड फांद्यांचं, शांत पाण्यातलं नाजूक आणि पसरलेलं, आणि खोल जागी प्रकाश कमी म्हणून ते ताटासारखं पसरट होतं. केल्पचं पण तसंच, वेगाच्या प्रवाहात पानं अरुंद आणि सपाट, संथ पाण्यात रुंद आणि झालरदार. म्हणजे झालर कुठे घालायची आणि कुठे नाही हे सौंदर्याच्या आधी पाणी ठरवतं, आणि तुम्ही चित्रात पाणी कुठून वाहतंय हे एकदा ठरवलंत की निम्मे निर्णय आपोआप होतात. मी पेन्सिलीने मागच्या पुठ्ठ्यावर एक बाण काढूनच काम सुरू करते.

ब्रेन कोरलसाठी पट्ट्या कडेवर उभ्या चिकटवायच्या, ६ ते ८ मिमी उंच. नियम दोनच, भिंती एकमेकींना छेदत नाहीत आणि मधल्या घळींची रुंदी सगळीकडे जवळपास सारखी. बाकी वळणं मनाने घ्या.

कागदाविषयी. ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, न बघता कागद विकत घेणारे आणि मग मटेरियल खराब आहे म्हणणारे खूप भेटतात. मशीनवर झालेल्या कागदाचे तंतू बहुतांशी एका दिशेला असतात. कागद आधी उभा आणि मग आडवा, न दुमडता नुसता वाकवून बघा, ज्या बाजूने कमी विरोध होतो ती वाकण्याची रेषा ग्रेनला समांतर. शंका राहिली तर छोटा चौकोन कापून एका बाजूने ओला करा, तो ज्या अक्षाभोवती वळतो तोच ग्रेन. पट्टीची वेटोळी करायची असेल, म्हणजे टेंटॅकल्स (जेलीफिशचे लोंबणारे धागे), क्विलिंग, तर ग्रेन पट्टीच्या रुंदीत हवा, आणि सरळ ताठ काटे हवे असतील तर लांबीत. एवढं एक सांभाळलं की निम्म्या चुण्या आणि तडे गायब होतात.

वजनाचं म्हणाल तर पाकळ्यांच्या घुमटाला १२० ते १६० जीएसएम, झालरीला ८० ते १००, थरांच्या कटिंगला १६० ते २००. ८० च्या खाली गेलात की झालर स्वतःच्या वजनाने बसते, फक्त टांगून ठेवायच्या कामात ते चालतं आणि तिथे टिश्यू किंवा तुतीच्या सालीचा लांब तंतूंचा कागद उत्तम, तो फाडला तरी कडेला तंतूंची लव राहते आणि टेंटॅकलला तीच हवी असते. ट्रेसिंग पेपर प्रकाशात जेलीफिशला सगळ्यात जवळ जातो पण ओलावा त्याला अजिबात सोसत नाही, पाण्याचा गम लावला की लगेच गुंडाळी होते, तिथे दोन्ही बाजूंनी चिकटणारी पातळ टेप वापरा. क्रेप पेपर हा ताणला जातो, कारण त्याच्यात बारीक चुण्या आधीच साठवलेल्या असतात, सी ॲनिमोनसाठी आणि कपासारख्या स्पंजसाठी मी तोच घेते. आणि ओला कागद थोडा ताण सोसतो हे पण खरं, जाड कॉटन कागद भिजवून उथळ साच्यावर दाबून वाळवला तर शिंपल्याएवढी गोलाई धरतो. अकिरा योशिझावा यांनी ओरिगामीत ओल्या घडीची पद्धत रुजवली तिचा गाभा हाच आहे, कागदातलं सायझिंग, म्हणजे त्यात मुरवलेली खळ, ओलाव्याने सैल होतं आणि वाळताना आकार पकडून ठेवतं. पातळ कागदाला मिथाइल सेल्युलोजच्या खळीचा हात दिला तर त्यालाही ही ताकद येते.

कटिंगला ११ नंबरचं ब्लेड किंवा ३० अंशाचं टोकदार ब्लेड घ्या आणि कागद ओढला जायला लागला की लगेच बदला. आतली छोटी भोकं आधी, मोठी नंतर, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. वळणावर चाकू फिरवू नका, कागद फिरवा. मशीन घ्यावं का, तर पाकळ्यांचे नमुने, रेडिओलेरियाची जाळी, एकसारखी शेकडो पॉलिप, याला मशीन खुशाल घ्या, त्यात कमीपणा नाही, कागदाच्या सूक्ष्मजीवांसाठी आणि कोरलसाठी ओळखले जाणारे रोगन ब्राउन हातानेही कापतात आणि लेझरही वापरतात. पण लेझर कडा किंचित जाळतो, पांढऱ्या कागदावर तपकिरी रेघ राहते, म्हणून पॉवर कमी ठेवून जळकी बाजू मागे जाईल असं कापायचं. फांद्यांचं कोरल मात्र मी हातानेच कापते, कारण हाताची रेघ फांदीगणिक बदलते आणि मशीनमध्ये एक फांदी कॉपी करायचा मोह आवरत नाही.

रंग. पाण्यात लाल सगळ्यात आधी शोषला जातो, १० मीटरच्या आसपासच तो मळकट दिसायला लागतो, त्यामुळे खोलीचं दृश्य करताना मागच्या थरात लाल, नारिंगी ठेवू नका आणि मागे जाताना दोन रंगांतला फरक पण कमी करत न्या. थरांमध्ये २ ते ३ मिमीचे फोमचे तुकडे पुरतात, त्याहून जास्त अंतर दिलं तर सावली तुटक पडते. प्रकाश वरून आणि एका बाजूने, समोरून कधीच नको.

आणि पूर्ण पांढऱ्या कोरलबद्दल मला मनापासून सांगायचंय. पांढऱ्यावर पांढरं हे कागदकामात सगळ्यात देखणं दिसतं, मी पण करते. पण खऱ्या रीफवर पांढरं कोरल म्हणजे पाणी तापल्यामुळे आतलं शेवाळ बाहेर टाकलेलं, उपाशी पडलेलं कोरल, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या चौथ्या मोठ्या ब्लीचिंगची घोषणा केली आहे. त्यामुळे पांढरं करायचं तर ते समजून करा. ब्लीचिंग दाखवायचं असेल तर पॉलिपचे हात आत ओढलेले ठेवा, काही फांद्यांना फिकट रंग राहू द्या, टोकाकडून बाहेरच्या शेवाळाचा हिरवट तपकिरी थर चढू द्या. आणि निरोगी रीफ दाखवायचं असेल तर निदान ऑफ व्हाइट, मोहरीसारखा पिवळा, तपकिरी, फिकट जांभळा यांच्याकडे जा, बहुतेक जिवंत दगडी कोरल तपकिरी छटांचंच असतं आणि त्या छटा कागदात फार छान येतात.

टिकण्याचं विचाराल तर ॲसिड फ्री कागद, शक्यतो आयएसओ ९७०६ (टिकाऊ कागदाचं आंतरराष्ट्रीय मानक) लिहिलेला किंवा कॉटनचा, आणि न्यूट्रल पीएचचा पीव्हीए गम. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन कागद पिवळा आणि ठिसूळ करतं, म्हणून वर्तमानपत्राच्या प्रतीचा कागद आतल्या आधारालाही वापरू नका, त्याचं ॲसिड शेजारच्या चांगल्या कागदात उतरतं. रंग द्यायचा तर डायपेक्षा पिगमेंटची शाई. फ्रेम खोल घ्या, काच कागदाला टेकता कामा नये, आणि थेट ऊन पडणारी भिंत नको. दमट हवेत वेटोळी सैल पडतात, विशेषतः बारीक टेंटॅकल्स, म्हणून ती नुसती गुंडाळून सोडू नका, टोकाला गमचा एक ठिपका द्या. उघडं ठेवलेलं काम मऊ कोरड्या ब्रशने झटका किंवा कॅमेऱ्याच्या हवेच्या पंपाने, फुंकर नको, तिच्यात ओलावा असतो. वार्निशचा स्प्रे मी टिश्यूवर आणि ट्रेसिंगवर मारत नाही, त्याने पारदर्शकपणा डागाळतो, जाड कार्डच्या कामावर मॅट फिनिशचा एक हलका हात चालतो, तो पण आधी उरलेल्या तुकड्यावर मारून, दोन दिवस वाट बघून मगच.